तळ

परत विचारलंस, जिन्सी, सूट कधीपासून घालू.
चौथा महिना तुझा. मोबाईलवर कुठलीशी बाई,
घट्ट लाल कापडात, आपल्या दुप्पट वजन घेऊन उठते
आणि तू तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघतेस.

मी सोहारला आले तेव्हा बत्तीसची होते,
नवऱ्याच्या व्हिसावर.
टायरच्या दुकानावरची हीच जिम, बायकांची वेळ चार ते सहा,
काचांना आतून तपकिरी कागद.
रय्यानं पहिल्या दिवशी नुसती दांडी ठेवली खांद्यावर.
बस, म्हणाली.
बसले. गुडघे आत आले, टाचा उचलल्या.
परत, म्हणाली.
सहा महिने आमच्यात हे दोनच शब्द.
ऑगस्टात तर हाताला खडू टिकायचा नाही,
समुद्र आत येऊन तळव्यात बसायचा.

पट्टा मागितला, तर म्हणे आधी पोटात हवा धर.
पट्टा तुला धरत नाही, बाई,
तू आतून त्याला ढकलायचं असतं.
नाहीतर ते नुसतं चामडं,
म्हशीच्या अंगावर जास्त शोभत होतं.
नवव्या महिन्यात दिला. स्वतःचाच, भोकं सैल झालेला.

सूट आला तिसऱ्या वर्षी, कार्गोनं.
मी इचलकरंजीची. वडील मागावर जॉबर,
आमच्याकडे पोरीसुद्धा चिमटीत धरून कापड ओळखतात.
हे कापड चिमटीत येईना.
उभा धागा, आडवा धागा, दोघंही हट्टाला पेटलेले.
पायांत सुपरमार्केटच्या पिशव्या चढवून, त्यांवरून सूट सरकवत,
रय्याचा गुडघा माझ्या कमरेला,
तिची बहीण मागून पट्टे ओढतेय,
वीस मिनिटं. मांड्यांवर वळ.

आणि मग साठ किलोला मला खाली बसता येईना!
साठ, जे मी गप्पा मारत उचलायची.
ऐंशीलाही नाही.
माझ्याच कपड्यात मी अर्ध्यात टांगलेली,
रय्या हसून हसून बाकावर आडवी.
हलक्या वजनाला हा तळ दाखवत नाही, म्हणाली,
ओझं आण.

एकशे पाचला पोचले तळाला.
तिथून कुणीतरी वर फेकावं तशी आले.

घरी जाताना फलज अल कबाइलच्या सिग्नलला
मला काही गोड वाटेना.
त्यातलं माझं किती?
दुसऱ्या दिवशी रय्यानं वहीत मधोमध रेघ मारली.
इकडे उघडं, इकडे कापडासकट.
दोन्ही लिही. दोन्ही खरं.
त्याच वर्षी नवऱ्याची कंपनी बंद झाली, तो परत गेला,
मी लॅबच्या व्हिसावर राहिले.
त्यासाठी वहीत तिसरी रेघ मारली नाही.

तर कधी?
मला महिने सांगता येत नाहीत, जिन्सी.
वजन पडलं, की ते का पडलं हे
रय्यानं तोंड उघडायच्या आत तुला कळायला लागेल, तेव्हा म्हणेन.
आरशाकडे पाठ करूनही तळ सापडेल, तेव्हा.
पण माझं फार ऐकू नकोस.
रय्या सांगते, मी वर्षभर उशीरच केला,
आधार नको म्हणून मिरवणं हीही एक ऐटच होती माझी,
आणि डावं कोपर अजून पावसाळी हवेत तिची आठवण काढतं.

आज माझा जड दिवस आहे.
रय्याची बहीण आता मस्कतला, दुसरं माणूस लागेल.
नखं काढलीयस ना?
ये, त्या पिशव्या दे इकडे.
हा पट्टा धर, मुठीत नाही, मनगटाला गुंडाळून,
पाय रोव, आणि मी श्वास सोडला की
ओढ.