जग, इंदूरहून

इंदूरहून निघालं तर पृथ्वी महाग पडते
हे ह्यांना तिसऱ्या वर्षी कळलं.
तीच विमानं, बिझनेस क्लासची तीच
आडवी होणारी खुर्ची,
पण कोलंबोहून निघा, जवळजवळ निम्म्यात.

म्हणून लोकमान्य नगरच्या गच्चीवर
कापड-मिलच्या जुन्या हिशेबवहीत
रोज रात्री शहरं मांडतात, खोडतात.
नियम मलाही पाठ झालेत:
एकाच दिशेनं जायचं,
महासागर एकेकदाच ओलांडायचा,
वर्षाच्या आत, निघालो तिथंच परतायचं.

मैल बसत नाहीत.
ऑकलंड काढलं की बसतात.

ऑकलंडला आमची शाल्मली.
सहा वर्षं झाली.

मी म्हटलं, अहो, सरळ तिकडंच जाऊ की,
मागच्या रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.
मुद्दाम गेलो तर विचारेल, का आलात.
जग फिरत होतो, वाटेत तू लागलीस,
असं म्हणता आलं पाहिजे.

काल त्यांनी पॅरिस खोडलं. मग रोम.
अजून चारशे मैल जास्तच होतायत.