साबणाचं पाणी

कोट्काच्या बंदरात, लाकडाच्या वखारीमागे
आम्ही गाड्या लावतो, रांगेत, पोट जमिनीला टेकवून.
जूनमध्ये इथे रात्र होत नाही,
म्हणजे झाकायला अंधारही मिळत नाही.

माझी व्होल्वो, अठ्ठ्याण्णवची, लांब पाठीची,
बटण दाबलं की सुस्कारा सोडून खाली बसते.
चाकांवर कमानी उतरतात
पेंगुळलेल्या पापण्यांसारख्या.
लोक फोटो काढतात. मी हात खिशात घालून
समुद्राकडे बघतो, जणू गाडी दुसऱ्याचीच.

तेलर्वो ह्युवोनेन फोटो काढत नाही.
एकतीस वर्षं सिटी बसच्या डेपोत घालवलेली बाई.
गुडघ्याखाली चटईचा तुकडा, हातात फवारणीची बाटली,
बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी.
यंदा परीक्षक तीच,
कारण इल्पोची कंबर धरलीय.

डिकी मी उघडली, थोडी ऐटीतच.
बर्चच्या फळ्या, त्यांवर आरशासारखी टाकी,
तांब्याच्या नळ्या काटकोनात वळवलेल्या,
माझे तीन महिन्यांचे शनिवार.
तिनं चष्मा वर केला. म्हणाली,
"दिवाणखाना छान आहे.
आता मोरी दाखव."

आणि गेली गाडीखाली. नुसते बूट बाहेर, आणि आवाज:
"हवेची पिशवी आतल्या पत्र्याला घासतेय.
वायरला फ्यूज नाही.
हे काय, प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलंयस?
पाणी गाळायचा डबा कुठाय?
उणे पंचविसात या झडपांत बर्फ धरेल
आणि तू दुकानाच्या दारात उभा राहशील
एका कुशीवर झोपलेली गाडी घेऊन."

राहिलो होतो. फेब्रुवारीत. दूध आणायला गेलेलो.
हिला कोणी सांगितलं?

मग फवारा, एकेका जोडावर.
मागच्या उजव्या जोडावर बुडबुडा आला,
हरभऱ्याएवढा, मग बोराएवढा,
त्यात अख्खं बंदर, क्रेन, माझं उलटं तोंड.
फुटला.
दुसरा आला.

"सकाळपर्यंत किती बसते?"
"चार बोटं."
"मग तू काय करतोस?"
"बटण दाबतो."

पण दिसते कशी, मी म्हटलं.
"दिसते," ती म्हणाली. "चालते कशी?"

चालते म्हणजे,
गतिरोधकावर तिरकी,
पुलाच्या सांध्यावर श्वास रोखून,
रेल्वेच्या रुळांना साडेतीन किलोमीटरचा वळसा.
हे मी बोललो नाही.
टायर बोलले, आतल्या कडेनं तारेपर्यंत झिजलेले.

बाहेर आली, कोपर झटकलं.
"बसमध्येही हेच असतं, पोरा.
हेच रबर, हीच हवा.
थांब्यावर बस एका अंगानं वाकते,
आधी कुणाची तरी काठी चढते, मग पाय.
तुझी कुणासाठी वाकते?"

माझ्यामागे कुणीतरी हसलं. ओस्करी असणार.

उत्तर सुचलं तिसऱ्या दिवशी, सौनात,
जिथे ऐकायला फक्त तापलेले दगड:
तेलर्वोबाई, तुमच्या डांगरीवर
ती चांदीची मासोळी टाचलेली असते,
ती कुठला नट आवळते?

चाळिसांपैकी अकरा गुण.
कागदाच्या पाठीवर मात्र पेन्सिलीनं
एका दुकानाचं नाव, जोडाचं माप,
आणि खाली: मंगळवारी बंद असतं.

बुधवारी जाऊन आणला.
जोड बदलला, फ्यूज घातला, पिशवी दोन सेंटिमीटर आत सरकवली,
त्यासाठी बर्चची एक फळी कापावी लागली,
सगळ्यात चांगली.
स्वयंपाकघरातून आईचा साबण चोरला.
फवारला. वाट बघितली.
काही नाही.

सकाळी अंगणात गेलो अनवाणी.
दोन बोटं बसली होती.
डावीकडून.