वहीच्या मागच्या पानांवरून

पुस्तकातले नियम पुस्तकात.
कोपरखैरण्याच्या या रो-हाउसमध्ये, वरच्या खोलीत,
ही वही चालते,
तिचीही फक्त मागची पानं.

जमिनीवर पडलेला फासा धरायचा नाही.
कपाटाखाली गेला तर अजिबातच नाही,
मग तिथे वीस आलेत म्हणून सुहेलने
टॉर्च लावून कितीही शपथा घेतल्या तरी.

पट कॅलेंडरच्या पाठीवर आखलेला.
काळ्या सोंगट्या त्यांच्या, पांढऱ्या आपल्या.
लाल राणी म्हणजे गाव, ती हलत नाही.
अडकित्ता हा ड्रॅगन.
त्याचा जबडा उघडा असेल तर या फेरीत तो आग ओकणार,
एवढं ज्याचं त्याने बघायचं.

वीस आले की दुप्पट मार.
एक आला की तलवार हातातून सुटते,
पण मित्राला लागत नाही.
आधी लागायची.
मग इंद्रजीतने जसिंताचा तिरंदाज चुकून कापला,
दोघं तीन रविवार बोलले नाहीत,
आणि चौथ्या रविवारी हे वाक्य वहीत आलं
तिच्या अक्षरात.

‘मी जरा बघतो’ म्हणालात, पाळी गेली.
टाइमप्लीज एकदाच,
तीही मूठ तोंडाशी नेऊन, नीट.
नवा माणूस पहिल्या लढाईत कच्चं लिंबू:
मार बसतो, मरत नाही.
वारा फिरून एमआयडीसीचा वास आला तर
खिडकी लावायला उठणाऱ्याची पाळी राखून ठेवायची.

शून्यावर आलेल्याचा नियम तीनदा खोडलाय.
पुस्तकात सरळ आहे:
दहाच्या वर तीनदा पडले, जगला.
खाली तीनदा, गेला.

जसिंता वाशीला आयसीयूत रात्रपाळी करते.
एकदा ड्यूटीवरून थेट आली,
गालांवर मास्कचे वळ.
तिचा नवा तिरंदाज पटावर पालथा,
आणि आम्ही हिशेब मांडत बसलेलो,
आधी ड्रॅगन, मग त्याचं बघू.

थांबा, म्हणाली.
कुणीतरी आपली पाळी घालवा.
औषध नको, मंत्र नको.
त्याच्या शेजारच्या घरात येऊन बसा फक्त.
बसलेल्याचे दोन, त्याच्या फाशात मिळवा.

असं कुठे असतं, सुहेल म्हणाला.
कुठेच नसतं.
आमच्याकडे भेटायची वेळ चार ते पाच,
एका वेळी एक जण, काचेबाहेरून.
म्हणून तर इथे लिही.

मी लिहिलं.
तेव्हापासून आमच्या लढाया लांबतात,
ड्रॅगन पुष्कळदा जिंकतो.
उघड्या अडकित्त्यासमोर
कुणीतरी आपली सोंगटी दुसरीला चिकटवतं,
माझी झाली, म्हणतं.
मग फासा थांबेपर्यंत
वेफर्सच्या पाकिटात कुणी हात घालत नाही.
हा नियम नाही. हे कुणी लिहिलेलं नाही.

दोन मिळवूनही कधी कमी पडतात.
तेव्हा सोंगटी उचलायची नाही.
खडूने फुली करून तिथेच राहू द्यायची,
लढाई संपेपर्यंत ते घर भरलेलं धरायचं.
ड्रॅगनलासुद्धा
वळसा घालून जावं लागेल.