काट्यावर

यादी दुपारी आली. मी दोंडाईच्यात होते,
मिरचीच्या खळ्यावर, आईचा डबा घेऊन.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी.
तिथं उभी राहून दोनदा वाचली,
वरून खाली, मग खालून वर,
रक्ताच्या पिशवीवरचा नंबर वाचते तशी.
माझ्या तुकडीतले चौघं होते.
मी नव्हते.

आता हे इथं कुणाला सांगायचं?
लेफ्टनंट कर्नलला सगळे कर्नलच म्हणतात,
छावणीत रीत म्हणून,
गल्लीत तो पहिला शब्द दातात अडकतो म्हणून.
धुडकू आप्पा तर मी कॅप्टन असल्यापासून
चहाच्या टपरीवर सांगत आलेत,
"आमनी कर्नल शे ही. सुई टोचस नि मानूस जपी जास."
आप्पांचं निवड मंडळ कधीच बसलं, कधीच उठलं,
चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

दुसरं मंडळ दिल्लीत बसतं.
त्याच्यापुढं माझी दहा वर्षं, गोपनीय,
नऊपैकी आकड्यांत.
एका साहेबांनी लिहिलं होतं,
'यांच्यावाचून थिएटर चालत नाही.'
ते वाक्य मी कितीतरी दिवस
नव्या नोटेसारखं वापरलंच नाही, नुसतं जवळ ठेवलं.
फील्ड ॲम्ब्युलन्सची कमान मागायला गेले
तेव्हा त्याच साहेबांनी चहा मागवला, म्हणाले,
एवढा हिवाळा जाऊ द्या, भूल द्यायला दुसरं कोण आहे?
तीन हिवाळे गेले.
नंबियार डोंगरावर गेला, वर्षं भरून परत आला.
आज त्याच्या कॉलरवर लाल पट्टी,
सिंहासोबत दोन तारे.
माझा एक.
त्याचा फोन आला. भला माणूस.
आवाज खाली ठेवून बोलला,
थिएटरच्या दाराबाहेर आम्ही नातेवाइकांशी बोलतो तसा.

आई देठ खुडत होती.
पैसे पाठवते मी, तरी येते ती,
घरात भिंतींशी किती बोलू, म्हणते.
पुढ्यात लाल ढीग, मागं लाल ढीग,
मधे शिंका आणि बायांच्या गप्पा.
मी शेजारी टेकले. म्हटलं, नाही झालं.
"काय नही व्हयनं?"
एक तारा.
तिनं मान वर केली नाही. मिरची फिरवली, देठ तोडला.
जरा वेळानं हनुवटीनं शेडच्या टोकाला दाखवलं.
तिथं तराजूवर मुकादमाची भाची,
नखं रंगवलेली, हाताला आग नाही, जागा पंख्याखाली.
"वीस वरीस व्हयनात माले आठे.
जी भराभर खुडस तिले काटावर कोन बठाडी?
मंग खुडी कोन?"

एवढंच. पुढं ती मेथीच्या भाजीबद्दल बोलायला लागली.

परवा सकाळी सातला पहिली केस आहे,
हर्निया, एकवीस वर्षांचा पोरगा, सातारकडचा.
मास्क लावून सांगेन, दहापासून उलटं मोज.
दहा, नऊ, आठ, पुढं जीभ जड होते.
एकापर्यंत पोचलेला मी अजून पाहिला नाही.
तो झोपला की सर्जनचं नाव बोर्डावर राहतं
आणि त्याचा श्वास माझ्या हातात.
हे कुठल्या रकान्यात बसत नाही, मी शोधलाय.
पुढच्या वर्षी म्हणे पुन्हा विचार होईल. एकदाच.
पुन्हा कमान मागायची, पुन्हा चहा येईल.

डबा तसाच राहिला.
मी पदर नसलेली, म्हणून ओढणी नाकाला बांधली
आणि खुडायला लागले.
डाव्या हाताची दोन बोटं, उजव्याचा अंगठा,
शीर शोधायची सवय इथंही चालते.
तासाभरात बोटं पेटली.
संध्याकाळी टोपलं काट्यावर नेलं,
भाचीनं वजन वहीत मांडलं, माझ्याकडं पाहिलं,
"हात चांगला शे तुना. सकाय बी ये."

मी इतकी हसले की बाया वळून बघायला लागल्या.
आई हसली नाही.
तिनं माझं टोपलं आपल्या टोपल्यात ठेवलं,
म्हणाली, चल, ताक ठेवेल शे घर,
हात बुडाड.