कुलरच्या पाण्यात पुसलेले गुण

कुमुद दर मे महिन्यात जबलपूरहून येते
खव्याच्या जिलबीचा डबा मांडीवर धरून,
आणि चप्पल काढायच्या आधीच विचारते,
"काय रे गजा, तुमचं नागपूर अजून वितळलं नाही?"

बाहेर सेहेचाळीस. मी तिला कुलरसमोर बसवतो,
खसच्या ताट्यांवर पाणी मारतो,
खडूनं फरशीवर मधोमध रेघ ओढतो.
डावीकडे तिचं, उजवीकडे माझं.
सत्तरी उलटली दोघांची. तरी.

पहिला डाव मी दरवर्षी हरतो.
"नदी," म्हणते ती. बस, एवढंच.
आणि माझ्या डोळ्यांपुढे संगमरवराचे कडे उभे राहतात,
मधून नाव काढणारा तो नावाडी,
प्रत्येक दगडाला एक यमक बांधणारा.
माझ्याकडे नाग नदी आहे.
शहरानं तिचं नाव घेतलं
आणि बाकी सगळं तिच्यात सोडलं.
पुलावर आम्ही रुमाल काढतो, हात जोडत नाही.

मी फुटाळा पुढे करतो, संध्याकाळचा, कणसाच्या धुरासकट.
"तलाव? आमच्याकडे बावन्न होते."
"होते नं?" म्हणतो मी, "होते!"
अर्धा गुण. तोही भांडून.

मग मी सुटतो. तर्रीपोहे, सावजी रस्सा,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आख्खी रोगराई
गावाबाहेर नेऊन जाळणारी आमची मारबत...
"पण परत येते नं रोगराई?"
"येते. म्हणून तर दरवर्षी जाळतो."
"आणि तुमच्या मेट्रोत बसतं कोण?"
"मी बसतो. थंड राहते आतमधी."

एकदाच ती गप्प झाली, नाटकावरून.
तिकडे मराठी नाटक गणपतीतच,
आणि नायिका रडायला लागली
की तिच्या तोंडून हिंदी निघते.
तो गुण मी लिहिला नाही.

छप्पन्न साली कोर्ट तिकडे गेलं
आणि गठ्ठ्यांमागोमाग मोठेबाबा गेले, नकलनवीस.
बाबा इथेच राहिले, त्याच हुद्द्यावर, दुसऱ्या राज्यात.
मोठेबाबा तिकडे आयुष्यभर म्हणत, "आपल्याकडे संत्री अशी नसतात."
आणि इकडे आले की आमच्या नळाचं पाणी एक घोट पिऊन,
"आपल्याकडे पाण्याला चव आहे."
आपल्याकडे म्हणजे कुठे,
हे त्यांनी जाईपर्यंत सांगितलं नाही.

यंदा कुमुद म्हणाली, कोर्ट दाखव. बाहेरूनच.
ऊन उतरल्यावर गेलो सिव्हिल लाइन्सला.
घुमटावर कबुतरं, फाटकावर पहारेकरी,
छातीवर नाव: भगतलाल उईके.
"पास?"
पास कुठून असणार. कुमुदनं आपल्या हिंदीत
वडिलांची नोकरी, गठ्ठे, साल, सगळं सांगितलं.
त्यानं ऐकलं, आणि खुर्ची दिली. फाटक नाही.

मी विचारलं, भाऊ, तुम्ही कुठचे?
खवासाच्या पलीकडचे. कुरईच्या घाटाखालचे.
"मग तुम्हीच सांगा. नागपूर का जबलपूर?"
त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं.
"बीमार पडलो की नागपूर,
केस पडली की जबलपूर.
दोन्हीकडून हातात चिठ्ठीच घेऊन येतो, बाबूजी.
गाव चांगलं आहे. तिथे राहायला वेळ नाही भेटत."

घरी आलो तर कुलरची टाकी गळून
रेघ वाहून गेली होती,
तिचं आणि माझं पांढरं पाणी
मोरीकडे निघालेलं.
"किती झाले होते?" कुमुदनं विचारलं.
"मी पुढे होतो."
"चल, खोटारड्या."

सकाळी बसमध्ये चढताना
तिनं संत्राबर्फीचे तीन डबे मोजून पिशवीत ठेवले,
खिडकी सरकवली, आणि म्हणाली,
"साखर जास्त घालता तुम्ही लोक."