बटण, बटण, चित्र

वाल्पाराइसोच्या टेकडीवर एदुविहिस
कानांनी वाचते आरोग्य खात्याचं पान.
यंत्र म्हणतं : बटण. बटण. चित्र. बटण.
कसलं, ते सांगत नाही.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
हिनं अख्ख्या बंदरात
ज्याला जो हवा तो जोडून दिला,
एकदाही चुकीची तार न लावता
(बरं, दोनदा).

आता : तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.
सिग्नल असलेली चित्रं निवडा.
निवडते ती, अदमासानं.
वेळ संपते.

शेवटी खालच्या मजल्यावरचा वाल्दो येतो,
बारा वर्षांचा, हातांना पावाचा वास.
तिचा तपासणी-अहवाल उघडतो,
वाचू लागतो मोठ्यानं
आणि मधेच थांबतो.

त्या थांबण्यालाही
कुणी नाव दिलेलं नव्हतं.
तेवढं मात्र तिला
लगेच वाचता आलं.