उणे अठरा

सजाच्या औद्योगिक वस्तीत,
टायरवाल्याच्या पुढे, वजनकाट्याच्या अलीकडे
माझं ऑफिस. मी गारवा विकते.
ऑगस्टमध्ये, जेव्हा स्टिअरिंग
फडक्याशिवाय धरवत नाही,
माझ्या ट्रकच्या पोटात कोळंबी निजलेली असते
उणे अठरावर.

'उणे' मला नवं नव्हतं.
"इंग्रजी कच्चंच हो माझं."
"तसं काही विशेष नाही."
"जमलं आपलं कसंबसं."
दर वाक्याला मी स्वतःला
दोन अंश खाली आणायची,
आणि लोक म्हणायचे, किती साधी आहे!

पहिली व्हॅन अजमानच्या लिलावातली,
दार दोरीनं बांधलेलं.
कऱ्हाडहून दिरांचा फोन : "तू? आणि ट्रक?"
मी हसले.
हसायला काही लागत नाही,
उत्तर द्यायला भांडवल लागतं.

फोनवर विचारायचे, "साहेब आहेत का?"
चार वर्षं मी सांगितलं, "मीटिंगमध्ये आहेत."
कुठले साहेब?
एक पत्र्याचं टेबल, मी, आणि माझा डबा.
त्या नसलेल्या माणसाला
किती मीटिंगा दिल्या मी!

मग धैदच्या रस्त्यावर एका रात्री कॉम्प्रेसर बसला.
आत लहान मुलांच्या लशी.
काटा सहावर, सातवर.
आठच्या पुढे सगळा कचरा.
गुलरेझनं टॉर्च धरला, पट्टा मी बदलला.
नख उलटलं. दातांत वाळू.
काटा थांबला,
रुसलेल्या पोरासारखा उभा राहिला जरा वेळ,
आणि उतरला.
सकाळी मी ग्राहकाला लिहिलं :
'आमच्या टीमने किरकोळ अडचण दूर केली.'
किरकोळ.
ते नख परत यायला पाच महिने लागले.

गेल्या बुधवारी बारा ट्रकांचा करार.
समोर मौझा, औषध कंपनीची खरेदीप्रमुख.
पेनचं टोपण काढलं, आणि थांबली.
"त्या रात्री पट्टा कोणी बदलला?"
(गुलरेझ बोलला असणार कुठेतरी.)
माझ्या जिभेवर 'आम्ही' तयारच होतं,
इस्त्री करून ठेवलेलं.
"मी," म्हणाले.
एकच अक्षर,
पण घसा असा सुकला
की कुणाच्या तरी पाकिटातून उचललं असावं.
तिनं सही केली.
म्हणाली, "पुढच्या वेळी अहवालात लिहा.
मला तेच तर विकत घ्यायचं होतं."

रोलाच्या मिठाईवाल्याकडून दोन किलो पेढे आणले.
देव कपाटावर वाट पाहत होते.
पहिला मी खाल्ला,
उभ्यानं, खोक्यातूनच, दार लावून.
वेलची जरा जास्त होती.
दुसरा देवांना.
मारिसेल म्हणाली, फार गोड,
आणि अजून दोन घेतले.
गुलरेझ म्हणाला, "मॅडम, नातू झाला?"
"बारा झाले," मी म्हटलं. "चाकांसकट."

आई फोनवर : "फार सांगत सुटू नकोस, दृष्ट लागते."
लागू दे गं.
आधी कुणाला दिसू तर दे.

काल हिशेबाला नवी मुलगी आली, अन्वी, दापोलीची.
संध्याकाळी दारात उभी, कागद छातीशी.
"मॅडम, डिझेलच्या बिलात नऊ हजार दिरहम जास्त लागलेत.
म्हणजे, मला ते असंच सापडलं. सहज."
मी चष्मा काढला.
सहज? किती बिलं चाळलीस?
"चारशे... चारशे बारा."
बस, म्हटलं. पेढा घे.
आणि आता तेच वाक्य पुन्हा सांग,
'सहज' वगळून.

ती बसली, पेढा हातात, ओठ हलतायत,
वाक्य काही जुळत नाहीये अजून.
मी घाई केली नाही.
मला चोवीस वर्षं लागली होती.

तेवढ्यात फोन.
"हॅलो, साहेब आहेत का?"

बोला.